तेलाखालचा निळा

छपराखाली नऊ खाटा होत्या, त्यांतल्या सात भरलेल्या. खाटांभोवती आणि बाहेर चिंचेखाली मिळून साठेक माणसं. शेंदूर फासलेल्या ओट्यावर काचेचे दोन उंच पेले, तेलाचा दिवा, राखेने भरलेलं मातीचं बोळकं आणि फोडलेल्या नारळांच्या अकरा करवंट्या. मागे भिंतीला टेकवलेली प्राणवायूची दोन सिलिंडरं, दोन्हींच्या मानेत झेंडूच्या माळा. एका सिलिंडरची नळी पाचव्या खाटेपर्यंत गेली होती. नळीच्या टोकाचा मास्क तोंडावर घेऊन त्या खाटेवर सेबतीचा चुलतभाऊ टिकेश्वर पडला होता.

सेबतीने हे सगळं दारात उभं राहूनच मोजलं. इस्पितळात नव्याने डॉक्टर म्हणून लागली तेव्हा तिला शिकवलं होतं, की आधी मोजायचं, मग घाबरायचं. आज दोन्ही एकदमच चाललं होतं.

"सरका, सरका! देहगंगा येते आहे!" बाबाचा चेला ओरडला आणि गर्दी दुभंगली.

देहगंगा म्हणजे लघवी. सहाव्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची ती पेल्यात घेऊन चेला अशा थाटात चालला होता, की अभिषेकाचं पाणीच जणू. बायकांनी पदर डोक्यावर ओढले, हात जोडले.

ओट्यावर नीळकंठबाबा उभा होता. पन्नाशीचा, अंगाने काटकुळा, पण आवाज लिलाव पुकारणाऱ्याचा.

"समुद्र घुसळला, काय निघालं?"

"हलाहल!" गर्दी म्हणाली.

"देव पळाले, दैत्य पळाले. प्यायलं कोणी?"

"महादेवाने!"

"पिताना घोटभर सांडलं की नाही? ते कुठे सांडलं?" बाबाने क्षणभर वाट पाहिली. "ते आता बाजारात मिळतं. लिटरच्या डब्यात, वर झाकण फुकट!"

लोक हसले. बाबा आधी हसवायचा. हसलेल्या माणसाला हात जोडायला वेळ लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग त्याने बोळक्यातली चिमूटभर राख पेल्यात टाकली. पिवळं पाणी आधी हिरवट झालं, मग बघता बघता गर्द निळं. मोराच्या मानेसारखं. साठ माणसांनी एकदम श्वास आत घेतला.

"दिसला? हा बघा लपून बसलेला चोर! डॉक्टरांची यंत्रं लाखाची, पण चोर दिसला का त्यांना? आता याला बाहेर काढतो."

त्याने एक हात डोक्याच्या वर नेला, दुसरा गुडघ्यापाशी, आणि 'नीळकंठ, नीळकंठ' म्हणत ते निळं पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतायला सुरुवात केली. चहावाला चहा ओततो तशी लांब धार. आठदहा वेळा झालं असेल. निळा फिकटला, आणखी फिकटला, आणि पेल्यात पुन्हा साधं पिवळं पाणी उरलं.

"उतरलं! घरी न्या आजोबांना. पथ्यं दोनच. चाळीस दिवस पखाळ शिवायचं नाही, आणि नदी ओलांडायची नाही."

रात्रभर पाण्यात ठेवलेला आंबूस पखाळ भात त्या मुलखात सकाळसंध्याकाळ प्रत्येक घरात असतो. आणि नदीच्या पलीकडे बाजार आहे, शाळा आहे, रेशन दुकान आहे. चाळीस दिवसांत ही दोन पथ्यं न मोडणारा माणूस सापडणं कठीण. मेला तो पखाळ खाल्ल्यामुळे मेला. बाबाचा विमा पक्का होता.

सेबती पाचव्या खाटेपाशी गेली.

"नानी!" टिकेश्वरने मास्क कपाळावर सरकवला. मोठ्या बहिणीला त्यांच्याकडे नानी म्हणतात. त्याच्या जिभेवर पांढरे चट्टे होते, शब्द बोबडे येत होते. "बघ, इथे हवा फुकट आहे. तुमच्या वॉर्डातले लोक कसले कंजूष गं!"

"तो मास्क काढ, टिकू."

"आत्ता कुठे बरं वाटायला लागलंय."

"काढ म्हणते ना."

"हात लावू नको त्याला!" टिकेश्वरची आई, सेबतीची काकी, खाटेपलीकडून उठली. "तुझ्या इस्पितळात लेकरू छाती फुगवून श्वास घेत होतं. मी पाया पडले, हवा द्या म्हणाले. तर तो तुझा मोठा डॉक्टर म्हणतो, हवा दिली तर वाईट होईल. हवेने कधी कोणाचं वाईट झालंय? आम्ही अडाणी, पण इतके?"

सेबतीने रक्तातला प्राणवायू मोजणारं छोटं यंत्र खिशातून काढून टिकेश्वरच्या बोटाला लावलं. मास्क बाजूला ठेवून मिनिटभर थांबली. ब्याण्णव. म्हणजे प्राणवायूची गरज अजून नव्हती. म्हणजे अजून थोडे दिवस हातात होते, जर हा मास्क निघाला तर.

चार दिवसांपूर्वी टिकेश्वर सूत घेऊन येताना वाटेत शेजाऱ्याच्या शेतावर थांबला होता. वय एकोणीस, उन्हाची वेळ, झोपडीच्या सावलीत थंड पेयाची बाटली. तणनाशक सुटं विकत आणलं, की लोक ते अशाच बाटल्यांत भरून ठेवतात. त्याने तोंडाला लावली, चव कळताच थुंकली, चूळ भरली, आणि शेजाऱ्याला शिव्या देत घरी गेला. घरी हसत हसत सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी जीभ सोलली तेव्हा इस्पितळात आणलं. विष आहे का बघायला त्याच्या लघवीत सोडा आणि रंगारी वापरतात ती हायड्रो नावाची पांढरी पूड घालून काचेची नळी उजेडात धरणारी डॉक्टर सेबतीच होती. विष जितकं जास्त तितका निळा गर्द. नळी इतकी निळी झाली, की तिने ती कोणाला न दाखवता मोरीत ओतली.

पॅराक्वाट हे त्या विषाचं नाव. डायलिसिस सुरू केला, जे जे करतात ते केलं. त्यावर उतारा नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी काकांना खुर्चीवर बसवून सांगितलं. तिसऱ्या दिवशी टिकेश्वर उठून बसला आणि नर्सची नक्कल करू लागला. हे विष असंच फसवतं. मध्ये दोनचार दिवस माणसाला बरं वाटतं. सेबती रात्रपाळी करून झोपली होती तेवढ्यात काकीने सही केली आणि त्याला इथे आणलं.

"काका, बाहेर या," सेबती म्हणाली.

कुंज मेहेर चिंचेखाली आले. चाळीस वर्षं सूत रंगवून आणि विणून त्यांच्या बोटांच्या पेरांत निळा कायमचा बसला होता.

"काका, ती राख नाही. ते..."

"हायड्रो आहे," काका म्हणाले. "हायड्रो आणि सोडा. कालच वास आला मला. मला काय नवीन आहे? घरात डबे आहेत."

काकांना फसवलं गेलंय असं धरून सेबती आली होती. वाटेत सगळं समजावण्याची तयारी केली होती.

"माहीत होतं, तरी?"

"निळं आणायला हायड्रो लागतं, हे ठीक. पण घालवतो कोण?" काकांनी आवाज खाली आणला. "निळीच्या नांदीतून सूत वर काढतो तेव्हा ते कसं असतं? पिवळं-हिरवं. वारा लागला की निळं होतं. वारा निळं आणतो, पोरी. माझ्या बापाने हेच पाहिलं, त्याच्या बापाने हेच. वाऱ्याने निळं गेलेलं कोणी ऐकलंय? आणि हा माणूस निळ्याला वारा घालतो आणि निळं जातं! जे होत नाही ते झालं. मग मी डोकं ठेवलं त्याच्या पायावर."

काकांनी पाहिलेलं सगळं बरोबर होतं. जगात निळा एकच आहे असं त्यांनी धरलं होतं, एवढीच चूक. आणि ही चूक रंगाऱ्यानेच करावी अशी होती. ज्याला रंगातलं काही कळत नाही, तो इतका हरखलाच नसता.

सेबती जमिनीवर बसली. काकाही बसले.

"काका, हायड्रो काय करतं? देतं. इलेक्ट्रॉन म्हणून एक बारीक कण असतो, तो देतं. वारा काय करतो? तो कण काढून घेतो. तुमच्या निळीला कण मिळाला की रंग जातो, आणि वाऱ्याने कण काढून घेतला की परत येतो. बरोबर?"

"हं."

"हे विष उलटं आहे. कण मिळाला की निळं. वाऱ्याने कण काढून घेतला की रंग गेला. विष मात्र पेल्यात तसंच."

काका बोटांची निळी पेरं चोळत होते.

"आणि टिकूच्या छातीत तेच चाललंय. तिथे हायड्रो नाही, पण शरीराकडे असले कण भरपूर असतात. विष एक कण घेतं, श्वासातल्या हवेला देतं, रिकामं होतं, परत घ्यायला येतं. कण घेतलेली ती हवा निखारा होते, फुप्फुस भाजते. काका, मागावर धोटा इकडून तिकडे जातो. धोटा झिजतो का?"

"धोटा कसला झिजतो. सूत संपतं."

"आतली सुताची कांडी संपली की?"

"की माग थांबतो."

"हा मास्क म्हणजे त्या धोट्याला कांड्या भरून देणं आहे."

काकांनी छपराकडे पाहिलं. आत सिलिंडरचा बारीक सूं आवाज चालला होता. चिंचेच्या शेंगेचं टरफल त्यांनी बोटांत धरून चुरलं.

"दाखव," ते म्हणाले. "तू म्हणतेस ते मला दाखव. नाहीतर मी तुझ्या काकीला तोंड कसं देऊ?"

दिव्याचं तिळाचं तेल ओट्यावरच होतं. काकांनी टिकेश्वरची लघवी दोन निमुळत्या बाटल्यांत भरून आणली आणि सरळ बाबासमोर ठेवली.

"बाबा, माझ्या लेकाची परत एकदा उतरवा. मनाचं समाधान."

"समाधान कालच झालं की, कुंजभाऊ!"

"एका बाटलीवर थोडं तेल घालतो. मंत्राला काय, तेल आडवं येणार आहे?"

गर्दीत कोणीतरी हसलं. बाबाने सेबतीकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे पाहिलं. नाही म्हणावं तर साठ माणसं बघत होती.

"देवाची परीक्षा घेणारे घ्या बापडे!" तो म्हणाला आणि दोन्हींत राख टाकली.

दोन्ही बाटल्या निळ्या झाल्या. काकांनी एकीत बोटभर तेल हलकेच सोडलं. तेल वर तरंगलं, खाली निळा.

"आता नुसता मंत्र म्हणा," सेबती म्हणाली. "ओतायचं नाही. हात लावायचा नाही."

"ओतण्याची रीत आहे आमची!"

"मंत्र मोठा की ओतणं मोठं?" हे काका बोलले.

बाबाने डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. आवाज चढत गेला, कपाळाला घाम आला. दोन्ही बाटल्या निळ्याच राहिल्या. उघड्या बाटलीत तोंडाशी एक पिवळा पापुद्रा आला, तेवढाच. चिंचेवर एक कावळा ओरडला आणि मागच्या कोणीतरी त्यालाच 'गप रे' म्हटलं.

मग काकांनी उघडी बाटली एका पेल्यात रिकामी केली, दुसरा पेला घेतला आणि उंचावरून ओतायला लागले.

"मंत्र म्हणा की तुम्हीही!" टिकेश्वर खाटेवरून बापाला बोबडं ओरडला.

"मला कुठला येतो? भेंडी, वांगी, दोडकी, भोपळा," काका म्हणाले आणि धार लांब केली. "आलं, लसूण, मोहरी, हळद..."

लोक खदखदून हसले. हळदीपर्यंत येता येता पेल्यातला निळा पार गेला होता. हसणं हळूहळू थांबलं.

"बाजाराच्या यादीने विष उतरलं," सेबती म्हणाली. "आता बाबांच्या राखेची आणखी एक चिमूट यात टाका."

काकांनी टाकली. पेला पुन्हा निळा झाला. पहिल्याइतकाच.

सेबतीने तेलाची बाटली उचलून उजेडात धरली. तेलाखाली निळा जसाच्या तसा होता.

"वारा लागला की रंग लपतो. तेलाने वारा अडला, म्हणून रंग लपला नाही. एवढंच आहे हे. ही राख विष दाखवते, ते खरं. आम्ही इस्पितळात हेच करतो. पण दाखवणं म्हणजे काढणं नव्हे. रंग गेला आणि विष तिथेच, हे तुम्ही आत्ता पाहिलंत. कोणीही चमत्कार दाखवला, की त्याला एवढंच म्हणा, तुमच्या रीतीतली एक गोष्ट काढून दाखवा. ओतणं काढा, मंत्र ठेवा. मंत्र काढा, ओतणं ठेवा. काय उरतं ते आपल्या डोळ्यांनी बघा. आणि कोणाच्या पोटात हे औषध गेलं तर इकडे आणण्यात वेळ घालवू नका. पहिल्या तासात इस्पितळात आणा. जे काही हातात असतं ते त्या पहिल्या तासातच असतं. आणि ते सिलिंडर बंद करा. त्याने यांची छाती जळते आहे."

सहाव्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून उठली आणि सामान बांधू लागली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "पण बाई, तेल कशाला घातलंस? तेल शनीचं."

बाबाचे डोळे उघडले.

"शनीचं!" तो गरजला. "अरे, मी मगापासून म्हणतोय, मंत्र अडतोय कुठे! नीळकंठाच्या ओट्यावर शनीचं तेल ओतलं या पोरीने. आणि त्या पेल्यात काय भेंडी-वांगी उतरवणार? मंत्र आधीच झाला होता, याने नुसतं ओतलं. वर त्याच हातांनी पुन्हा विष चढवलं. शनीचे हात!"

"खरंच की," कोणीतरी म्हणालं.

"तेल नव्हतंच घालायचं."

"तुमच्याच दिव्यातलं तेल आहे ते!" सेबती ओरडली. पण गर्दीला आता हवं ते सापडलं होतं, आणि हवं ते सापडलेल्या गर्दीला दुसरं काही ऐकू येत नाही. म्हाताऱ्याच्या सुनेने बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. चेल्याने तेलाचा दिवा उचलून बाहेर नेला. त्या दिवसापासून छपरात तेलाचा दिवा लागला नाही, तुपाचा लागायला लागला. पथ्यं दोनाची तीन झाली.

फक्त काकांनी जाऊन टिकेश्वरचा मास्क काढला. काकीने त्यांचा हात धरला. काका तिच्या कानाशी काहीतरी बोलले. सेबतीला फक्त 'धोटा' हा शब्द ऐकू आला. काकी मागावर बसणारी बाई होती. तिने हात सोडला.

गाडी येईपर्यंत सेबती चिंचेखाली उभी राहिली. नीळकंठबाबा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. इथे त्याचा आवाज साधा होता.

"ओळखलं नाही मला?"

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडा निळ्या. तेव्हा दाढी नव्हती. दोन वर्षांपूर्वी हा रंगाचे डबे विकत गावोगाव फिरायचा, आणि याचा धाकटा भाऊ हेच विष पोटात जाऊन वॉर्डात दरवाजाजवळच्या पलंगावर होता.

"तुम्ही नळीत पांढरं टाकलंत," तो म्हणाला. "मी विचारलं, हे कसलं औषध? तुम्ही म्हणालात, औषध नाही, तुमचंच हायड्रो आहे. मग नळी निळी झाली. मी म्हटलं, आता औषध द्या. तुम्ही मान हलवलीत. ती नळी तशीच टेबलावर राहिली. मी रडता रडता ती हलवत बसलो होतो. निळा गेला. मला वाटलं, भाऊ वाचला. पळत सांगायला आलो तुम्हाला."

सेबतीला आठवलं. तिने तेव्हा त्याला काय सांगितलं होतं, तेही आठवलं: नंतर बोलू. नंतर बोलणं राहिलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली, "की यात काही नाही."

"तुमच्याकडे तरी काय आहे? तुम्ही मान हलवता. मी हलवत नाही. चार दिवस घरातली माणसं नीट झोपतात, जेवतात. हे कमी आहे?"

"सिलिंडरने ते चार दिवस तुम्ही कापता. दुसऱ्याच्या आयुष्यातून."

"हे मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "पण सिलिंडर पाहिलं की लोकांना धीर येतो."

गाडी आली. टिकेश्वरला आत चढवताना सेबतीने मागे वळून पाहिलं. पाचव्या खाटेवरचा मास्क चेल्याने झटकला आणि सहाव्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर बसवला.

वॉर्डात काका पलंगाशी बसून असायचे. एकदा औषधांच्या कपाटातली एक लहानशी कुपी त्यांना दिसली. गर्द निळी.

"हे काय?"

"हेही तसंच, काका. कण घेतं, कण देतं. रंग येतो, जातो. एका बाईने रंगाचीच कसलीशी भुकटी पोटात घेतली होती, तिचं रक्त चॉकलेटी झालं होतं. ओठ जांभळे. हे निळं शिरेतून दिलं आणि तासाभरात ती गुलाबी झाली. माझ्यासमोर. तेव्हापासून मला हेच शिकायचं आहे, की कण कोण घेतं, कोण देतं."

"मग टिकूला असलं एखादं निळं का नाही?"

"शोधतायत. वाटेतच कण पकडणारं औषध शोधतायत, म्हणजे धोटा रिकामा फिरेल. उंदरांत जमलंय. माणसात जमल्याचं अजून कोणी दाखवलेलं नाही. दिलंय आपण टिकूलाही, जे आहे ते."

"अजून म्हणजे किती?"

सेबतीने मान हलवली नाही. "ठाऊक नाही," म्हणाली.

टिकेश्वर पहिले काही दिवस बोलायचा. भेंडी, वांगी, दोडकी म्हणत नर्सला हसवायचा. मग वाक्यं लहान झाली. मग यंत्रावरचा आकडा उतरला आणि मोठ्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, की आता प्राणवायू लावा. काकीने विचारलं, "आता का?" सेबतीने तिला खरं ते सांगितलं. आता न लावण्यात काही वाचत नव्हतं.

त्याच दिवशी काका टिकेश्वरच्या लघवीच्या दोन बाटल्या आणि घरून आणलेले हायड्रो-सोड्याचे डबे, तेल घेऊन नदीपलीकडच्या छपराकडे गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा एका बाटलीचं तोंड फुटलं होतं आणि सदऱ्याची बाही फाटली होती.

"ओट्यापर्यंत जाऊ दिलं नाही," ते म्हणाले. "तो म्हातारा गेला म्हणे. पखाळ खाल्लं होतं त्याने. मग मला विचारलं, तुझा पोरगा कसा आहे? मी सांगितलं. तर म्हणतात, मग त्यानेही खाल्लं असणार."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नाही खाल्लं. त्याला गिळताच येत नव्हतं." काका टेकून बसले. "त्यांच्यातला एक माणूस मागे आला वाटेवर. त्याची बायको आहे तिथे, दुसऱ्या खाटेवर. त्याला रस्त्याकडेला बसून दोन्ही बाटल्या दाखवल्या. तेलाची, बिनतेलाची. बराच वेळ बघत होता."

"मग?"

"मग परत आत गेला."

दहाव्या दिवशी सकाळी सेबतीने टिकेश्वरच्या लघवीचा नमुना घेतला, सोडा घातला, हायड्रो घातला, वर तेलाचा थर दिला आणि नळी खिडकीपाशी धरली. काका शेजारी उभे होते. निळा आला नाही. फिकासुद्धा नाही. तिने हायड्रोची आणखी एक चिमूट टाकली, तरी नाही. विष आता खरंच निघून गेलं होतं.

मग तिने पलंगापाशी येऊन यंत्र त्याच्या बोटाला लावलं. मास्क घट्ट होता, प्राणवायू पूर्ण सोडलेला होता. आकडा स्थिर व्हायला वेळ लागला. एकसष्ट.